बॅटरी कोण पितंय

६ जानेवारी, मंगळवार

आज गाडीनं भर दौंडात तोंडघशी पाडलं. सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर, तानुबाई मागच्या सीटवर, डोळ्याला हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. चावी फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही.

दोन रिक्षावाले आणि एक केळीवाला यांनी धक्का मारला. त्यातला एक म्हणाला, "ताई, लाइट चालू ठेवून गेला असाल." मी बंद केल्या होत्या. मला वाटतं, केल्या होत्या.

संध्याकाळी ओसरीवर जयसिंग भाऊजी आले. "वहिनी, मी पयल्यापासनं सांगतोय. गाडी बाईमाणसाच्या हातात टिकायची न्हाई. आन् दवाखान्याआधी स्टेशनाकडं कशापायी गेला व्हता?"

तानुबाईंच्या भाच्याला रेल्वेवरून घ्यायचं होतं, म्हणून गेले होते. पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. झुंबरबाईंची बहीण स्टेशनाजवळ राहते. तिनं पाहून कळवलं असणार. शेजारीण म्हणून इतकी वर्षं बाईला घरात बसवलं, चहा पाजला, आणि ही माझ्या चाकांवर नजर ठेवते.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या पाठीमागं ही जीप शेडमध्ये धूळ खात उभी होती. मागच्या उन्हाळ्यात मी चालवायला शिकले आणि दिवाळीपासून गावातल्या बायकांना नेते-आणते. कुणाला दौंडचा दवाखाना, कुणाला शिरूरचं कोर्ट, कुणाला केडगावची रेल्वे. इथं ऊस अगदी रस्त्याला खेटून आहे. बिबट्या दिसल्यापासून अंधार पडल्यावर एकही बाई एसटीच्या थांब्यावर चालत जात नाही. मी नाही नेलं तर त्या जात नाहीत, एवढंच. पण गाडीच दगा द्यायला लागली तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

९ जानेवारी, शुक्रवार

भाऊजींनी नवी बॅटरी आणून बसवली. माणूस मनानं वाईट नाही. दिवाळीत गाडी सर्व्हिसिंगला नेऊन आणली तीसुद्धा त्यांनीच, मी न सांगता. दिवसभर नेली होती.

पण बॅटरी बसवून झाल्यावर आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर म्हणाले, "आता ही बी बसली, तर मंग गाडी इकायची. कबूल?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "कबूल."

म्हणायला नको होतं का? पण नवी बॅटरी आहे. आता काय होणार आहे?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

झालं.

सकाळी चावी फिरवली आणि टक्. नवी बॅटरी, पाच दिवसांची. मी चावी काढून पदरात लपवली आणि कुणाला काही बोलले नाही.

दुपारी सगळ्या बायका हळदीकुंकवाला गेल्या. जाऊबाई, म्हणजे जयसिंग भाऊजींची नीलम, नवं लुगडं नेसून गेली. आत्याबाईही देवळात जाऊन बसल्या. मला तिथं कोण बोलावणार? घर रिकामं झालं तेव्हा वाईट वाटलं, पण ते थोडाच वेळ. मग वाटलं, आज मला कुणी बघणारं नाही. बॉनेट उघडलं.

ह्यांच्या पेटीत पंपाच्या मोटारीसाठी घेतलेला मीटर होता. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, तो बघत लाल टोक बॅटरीच्या अधिक खांबाला, काळं वजाला लावलं. अकरा व्होल्ट आणि वर थोडं. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. म्हणजे ही रिकामी. ते मला चावीनंच सांगितलं होतं.

तेवढ्यात करुणा आली. ती बौद्ध वस्तीतली, जाईबाईंची मुलगी. आयटीआय केलंय, इलेक्ट्रिशियनचं, आणि आता पोलीस भरतीसाठी रोज बंधाऱ्याच्या रस्त्यावर पळते. फेब्रुवारीत पुण्याला तिची मैदानी चाचणी आहे. पहाटे हजर राहायचं, त्या वेळी ना एसटी ना काही. मी नेईन म्हणून शब्द दिलाय.

तिनं गाडी बघितली, माझं तोंड बघितलं. "काकी, पुन्ना बसली?"

"बसली. आणि कळलं तर विकली जाणार."

"मग कळायच्या आत बघू."

शेडपासून रस्त्यापर्यंत उतार आहे. दोघींनी रेटून गाडी उतारावर सोडली, मी उडी मारून आत बसले, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. चालू झाली! इंजिन चालू असताना करुणानं मीटर लावला. चौदाच्या आसपास यायला हवं होतं. बाराच्या पुढं सरकेना.

"बॅटरीचा दोष न्हाई काकी," करुणा म्हणाली. "हिला कुणी खायलाच घालत न्हाई."

आज मला कुणी तिळगूळ दिला नाही आणि मी कुणाला दिला नाही. पण झोपताना मी तेच मनाशी म्हणत होते. बॅटरीचा दोष नाही. लाइट मी बंद केल्या होत्या.

१५ जानेवारी, गुरुवार

इंजिन फिरतं तेव्हा त्याच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि तो बॅटरी भरतो. आमचा पट्टा दाबला तर अंगठ्याखाली लोळत होता, आणि आतून आरशासारखा गुळगुळीत झालेला. म्हणजे तो घसरत होता. बोल्ट सैल करून, पहारीनं अल्टरनेटर मागं रेटून पट्टा ताणला. पहार करुणानं धरली, पाना मी मारला.

मग बॅटरीच्या काळ्या तारेचं दुसरं टोक, जिथं ते गाडीच्या अंगाला जोडलंय. तिथं पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं. खायचा सोडा घालून गरम पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं, तांबं चमकेपर्यंत. दोन नखं गेली.

गाडी चालू केली. मीटर चौदाच्या वर जाऊन थांबला. लाइट लावल्या, हॉर्न वाजवला, तरी हलला नाही.

मी हसायला लागले तर थांबताच येईना. शेडमध्ये कोंबड्या पळाल्या.

१८ जानेवारी, रविवार

तीन दिवस गाडी पहिल्या चावीला सुरू. मांडवगण, न्हावरा, केडगाव.

काल केडगावहून येताना करुणा आणि मी चौफुल्याला थांबून मिसळ खाल्ली. तिचा शंभर मीटरचा वेळ सुधारला म्हणून. आज सकाळी भाऊजी गोठ्यातून जाता जाता म्हणाले, "चौफुल्याला लई येळ बसला व्हता म्हणं. आन् त्या वस्तीवर गाडी रोज कशाला न्यायची?"

वस्तीवर मी करुणाला सोडायला जाते. लपवण्यासारखं त्यात काय आहे? पण यांना मिसळीचंसुद्धा कसं कळतं? झुंबरबाईंचा जावई चौफुल्याला हॉटेलात कामाला आहे, हे मला नंतर आठवलं.

दुपारी त्या दही मागायला आल्या. मी दही नाही म्हणून सांगितलं. विरजण समोरच होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही.

गाडी तीन दिवस उभी होती. ऊसतोड आमच्या रानात आल्यामुळं मी स्वयंपाकात अडकले होते. आज चावी फिरवली, टक्.

पट्टा ताणलेला. तारा स्वच्छ. बॅटरी नवी. मग उरलं कोण? मीच ना? दार नीट लागलं नसेल, आतला दिवा राहिला असेल, मला काहीतरी समजत नसेल. कदाचित भाऊजींचंच खरं. संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते. त्यांना सांगून टाकावं म्हणून मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. दोनदा परत आले.

२४ जानेवारी, शनिवार

रात्रभर विचार केला. चालती असते तेव्हा बॅटरी भरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उभी राहिली की रिकामी होते. म्हणजे भरण्यात खोट नाही. उभ्या उभ्या कुणीतरी पितंय.

सकाळी करुणाला बोलावलं. घरचे सगळे तोडीवर. गाडी उतारावरून सुरू करून, फिरवून आणून बॅटरी भरून घेतली होती. गाडी बंद, चावी काढलेली, दारं बंद, दिवे बंद. काळी तार बॅटरीवरून काढली आणि तार नि खांब यांच्या मधे मीटर जोडला, म्हणजे जो करंट जाईल तो मीटरमधून जाईल. सगळं झोपलेलं असताना आकडा नाहीसारखा यायला हवा. आमचा जवळजवळ अर्ध्या अँपिअरला टेकला.

"ही झोपंत बी खातीया," करुणा म्हणाली.

मग एकेक फ्यूज काढायचा आणि मीटर बघायचा. मी स्टिअरिंगखाली वाकून फ्यूज उपटत होते, करुणा बॉनेटपाशी उभी राहून ओरडत होती. "तेवढाच!" पुन्हा लावायचा, पुढचा काढायचा. "तेवढाच!" मान अवघडली. पुढचा काढला.

ती काहीच बोलेना.

"काय गं?"

"काकी, पडला. पार खाली पडला!"

तो फ्यूज आतल्या दिव्याचा आणि हॉर्नचा. दिवा तर बंद होता. मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले. फ्यूजच्या मागून गाडीच्या तारांबरोबर एक वेगळी तार निघाली होती, नुसती पिळून वर लाल टेप गुंडाळलेली. तिच्यामागं बोट नेत गेले. पार आत, हीटरच्या मागं, काड्यापेटीएवढी काळी डबी चिकटवलेली. हाताला कोमट लागली. तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

करुणानं फोनवर शोधलं. गाडी कुठं आहे ते दुसऱ्याच्या मोबाइलवर दाखवणारं यंत्र.

मला वाटलं, ह्यांनी बसवलं असेल. मागं नागरगावात दोन जीपा चोरीला गेल्या होत्या तेव्हा ते काहीतरी बोललेही होते. मी डबी पदरानं पुसली. ह्यांचा हात लागलेली वस्तू, दोन वर्षं या गाडीच्या पोटात गुपचूप जळत राहिली, असं मनात आलं आणि डोळे भरले. काढवेना. म्हटलं, राहू दे, मी रोज गाडी चालवीन म्हणजे बॅटरी बसणार नाही.

करुणा वाकून त्या हिरव्या ठिपक्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "काकी, ह्यात सिमकार्ड असतंय. आन् ते चालू हाय. काका जाऊन दोन वर्षं व्हत आली. रिचार्ज कोण मारतंय?"

२५ जानेवारी, रविवार

दौंडचं स्टेशन. चौफुल्याची मिसळ. वस्ती. सगळं एकेक करून आठवत बसले. झुंबरबाईंनी यातलं काहीच कुणाला सांगितलेलं नाही. ज्या बाईला मी दही नाकारलं तिचा यात केसाइतकाही हात नाही.

मग कोण? मनात एक नाव येतं. पण लिहिणार नाही. पट्ट्याच्या वेळी मी आधी बॅटरीवर संशय घेतला आणि चुकले. झुंबरबाईंच्या बाबतीत चुकले. आता मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

भाऊजींनी काढून कोपऱ्यात टाकलेली जुनी बॅटरी आज गाडीवर चढवून, शिरसगावपर्यंत फिरवून पाहिली. छान भरली. तिच्यातही काही खोट नव्हती, फुकट बदनाम झाली बिचारी.

ती उतरवली आणि कोठीच्या खोलीत, कणगीच्या मागं ठेवली. काळी डबी गाडीतून सोडवून तिला जोडली. हिरवा ठिपका पुन्हा लुकलुकायला लागला. आता त्या डबीला वाटणार, गाडी घरीच आहे.

२८ जानेवारी, बुधवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "सवे, माझी कवळी टोचतीया. शिरूरला नेती का?" आजवर त्या कधी माझ्या गाडीत बसल्या नव्हत्या. विचारलं तेव्हा जरा लाजल्यासारख्या झाल्या. भाऊजी पहाटेच कारखान्याकडं गेले होते. आम्ही निघालो. पुढच्या सीटवर आत्याबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या. न्हावऱ्याच्या पुढं त्यांनी एक हात सोडला. शिरूर जवळ आल्यावर दुसरा सोडला आणि काच खाली करायला सांगितली. दाताच्या डॉक्टरनं कवळी घासून दिली. बाजारात त्यांनी बांगड्या घेतल्या, उसाचा रस प्यायल्या, आणि दुपार कलायच्या आत आम्ही घरी.

दिवेलागणीला भाऊजी ओसरीवर चहा घेत होते. नीलम भाजी निवडत होती, आत्याबाई कडेला बसून नव्या बांगड्या फिरवून बघत होत्या. भाऊजींनी मोबाइल खिशात टाकला आणि समाधानानं म्हणाले,

"आता कसं? तीन दिस झालं, गाडी जागची हलली न्हाई. आसं घरात ऱ्हायलं तर कोण कशाला बोलंल?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या,

"जागची न्हाई? आरं, मी सवता आज शिरूरला जाऊन आले तिच्यासंगं. ह्या बांगड्या काय शेडात पिकल्या?"

भाऊजींचा कप तोंडाशी तसाच राहिला. "शिरूरला? आज?"

"तुला कुणी सांगितलं, हलली न्हाई म्हणून?"

"म्हंजी... मला वाटलं..."

मी उठले. कोठीतून बॅटरी उचलून आणली, डबी तिला लावलेलीच होती, आणि त्यांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवली. बॅटरी जड असते. आणताना मी एकदाही थांबले नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "गाडी शिरूरला होती. ही इथं होती. दिवाळीतल्या त्या सर्व्हिसिंगपासून हीच रोज रात्री गाडीची बॅटरी पीत होती. नवी बॅटरी हिनं बसवली, दौंडात तानुबाईंना हिनं ताटकळत ठेवलं. आणि दोष माझ्यावर आला."

त्यांनी नाही म्हटलं नाही. इकडं तिकडं बघत म्हणाले, "काळजीपायी वहिनी. घरची बाई एकली फिरती. दादा असता तर..."

"दादा असता," आत्याबाई म्हणाल्या, "तर त्यानं तिला विचारलं असतं, कुठं गेली व्हती. तोंड हाय की तुला. काळजी असती तर तू बी विचारलं असतंस."

नीलमच्या हातातली मेथी तशीच राहिली होती.

मग मी म्हटलं, "बॅटरी बसली तर गाडी विकायची, असं मी कबूल केलं होतं. बॅटरी बसली नव्हती. बसवली होती. माझी कबुली मी परत घेते."

"घे," आत्याबाई म्हणाल्या. "आन् उंद्या मला देऊळगावला बहिणीकडं सोड."

भाऊजी उठून गोठ्याकडं गेले. मला वाटलं होतं, मी रडेन. मी भाकऱ्या केल्या. आठ भाकऱ्या, आठही टम्म फुगल्या.

३० जानेवारी, शुक्रवार

पातेलंभर दही घेऊन झुंबरबाईंकडं गेले. सगळं सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग डबीची गोष्ट ऐकून एवढ्या हसल्या की खोकला लागला. "मला आयुष्यात यवढी बातमी कधी घावली न्हाई," म्हणाल्या, "आन् तू म्हंती मी पुरवली!"

डबीचं काय करायचं, असं करुणानं विचारलं. मी भाऊजींना परत दिली. त्यांची वस्तू आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे थंडी अशी की काचेवर दव गोठल्यासारखं. शेडमध्ये टॉर्चच्या प्रकाशात करुणा, जाईबाई आणि मी. जाईबाई हात जोडून उभ्या होत्या, गाडीसमोर की मुलीसाठी, कळलं नाही. दोन दिवस गाडी उभी होती. मुद्दाम ठेवली होती, बघायला.

चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली.

करुणानं माझ्याकडं बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "चला."

उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओलांडत चौफुल्याला निघालो, तिथून सोलापूर रस्त्यानं पुणे. मैदानावर आम्ही उजाडायच्या आधी पोचलो. फाटकाबाहेर आयांची, भावांची गर्दी, चहाच्या गाड्या. आम्हाला आत सोडत नव्हते. जाईबाई आणि मी भिंतीला टेकून बसलो. आतून शिट्टी ऐकू यायची आणि मग बायकांच्या पावलांचा धबधब आवाज. प्रत्येक शिट्टीला जाईबाई माझं मनगट धरायच्या.

ऊन चढल्यावर करुणा बाहेर आली. केस विस्कटलेले, गुडघ्याला माती, छातीवरचा नंबर अर्धा सुटलेला. आमच्याजवळ येऊन वाकली, धापा टाकत राहिली.

"पडलीस का गं?" जाईबाई घाबरून म्हणाल्या.

"गोळाफेकीला घसरले. पण तो आधीच लांब गेला व्हता." मग सरळ उभी राहिली. "आठशे मीटरला माझ्या गटात पयली आले, काकी. मैदानी निघाली. आता लेखी."

जाईबाईंनी तिला धरलं आणि तिथंच रस्त्यात रडायला लागल्या. शेजारच्या चहावाल्यानं न मागता तीन चहा पुढं केले. मी त्या दोघींकडं बघत राहिले. माझ्या हातांना अजून ग्रीसचा वास येतो, कितीही धुतले तरी. मला तो आवडायला लागलाय.

परतताना करुणा मागच्या सीटवर पाय पसरून झोपली ती थेट वस्तीवर जागी झाली. वस्तीतली सगळी पोरंबाळं गाडीमागं पळाली. मी हॉर्न वाजवतच गेले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी शेडमध्ये पाणी तपासत होते, बॅटरीतलं नव्हे, रेडिएटरमधलं. मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. नीलम. हातात चहाचा कप, माझ्यासाठी.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे शिकायला किती दिस लागत्यात?"

"गाडी तपासायला?"

"न्हाई. चालवायला."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली केली नाही. "भाऊजी काय म्हणतील?" मी विचारलं.

"त्यांना सांगून आले."

दुपारी नदीकाठच्या मोकळ्या माळावर गेलो. तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. तिनं पदर खोचला, चपला काढल्या, अनवाणी पाय क्लचवर ठेवला. तीन वेळा गाडी गचका देऊन बंद पडली. चौथ्या वेळी इंजिन गुरगुरलं आणि जीप हळूहळू, बैलगाडीच्या चालीनं, पुढं सरकली. नीलम ओरडली, "जाऊबाई, चालली! चालली! आता थांबवू कशी?"

"थांबवायचं नंतर शिकवते," मी म्हटलं. "आधी जरा पुढं घे."